वर्गणी कोणाची?

मागच्या जुलैत नांदेडहून एका पीएचडीच्या विद्यार्थिनीचा फोन आला. "मॅडम, तुमच्या त्रैमासिकाची साइट उघडली की पत्त्यांच्या जुगाराची जाहिरात येतेय. बहात्तरच्या दुष्काळावरचा तो लेख मला परत बघायचा होता. तळटीप अडलीय." मी मोबाइलवर उघडून पाहिलं. खरंच होतं. आमच्या पत्त्यावर दुसऱ्याच कोणीतरी दुकान थाटलं होतं.

एका जुन्या संशोधन संस्थेचं मराठी त्रैमासिक मी मानद संपादक म्हणून बघते. अकरा वर्षांपूर्वी आम्ही अंक इंटरनेटवर मोफत ठेवायला सुरुवात केली. डोमेन, म्हणजे साइटचं नाव, घेतलं ते तेव्हा मदतीला येणाऱ्या एका मुलाने, स्वतःच्या ईमेलवरून. पुढे तो नोकरीसाठी कॅनडाला गेला, ते ईमेल खातं बंद पडलं आणि नूतनीकरणाच्या सूचना तिथेच जात राहिल्या. वर्षाचा खर्च हजार-बाराशे रुपये. तेवढे भरले गेले नाहीत आणि अकरा वर्षांचं काम एका रात्रीत दिसेनासं झालं. ४४ अंकांपैकी ४१ जुन्या हार्ड डिस्कवर आणि पेन ड्राइव्हवर सापडले. तीन नाहीत. त्या तिन्हींची छापील प्रतही कार्यालयात शिल्लक नव्हती.

चूक आमचीच, त्यात दुमत नाही. पण त्या आठवड्यात मला झोप लागली नाही ती वेगळ्या कारणाने. दर वार्षिक सभेत आम्ही "आपलं सगळं मोफत आहे" असं अभिमानाने सांगायचो, टाळ्या पडायच्या. त्या मोफतचे पैसे कोण भरतंय, यासाठी अंदाजपत्रकात एक ओळसुद्धा नव्हती.

हे आमच्याच बाबतीत झालं असंही नाही. २००० ते २०१९ या वीस वर्षांत जगभरातली १७४ मुक्त संशोधन नियतकालिकं इंटरनेटवरून नाहीशी झाली, असं काही ग्रंथालय-अभ्यासकांनी शोधून काढलं. त्यांतली निम्म्याहून अधिक मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रांतली होती. कोणी बंदी घातली नव्हती, आग लागली नव्हती. ज्यांनी ती हौसेने चालवली ते थकले, निवृत्त झाले, दुसऱ्या गावी गेले.

संशोधन सर्वांना मोफत वाचायला मिळावं, या मागणीमागचं कारण अजूनही तितकंच खरं आहे. संशोधन होतं ते बहुतेक करदात्यांच्या पैशावर. निबंध लिहिणारा प्राध्यापक त्यासाठी मानधन घेत नाही, तपासणारा तज्ज्ञही घेत नाही. आणि तोच निबंध परत वाचायला त्याच प्राध्यापकाच्या ग्रंथालयाला लाखो रुपयांची वर्गणी भरावी लागते. या धंद्यातल्या सर्वांत मोठ्या कंपनीच्या विज्ञान-प्रकाशन विभागाचा नफा गेली कित्येक वर्षं उलाढालीच्या पस्तीस टक्क्यांच्या वर राहिला आहे. कच्चा माल फुकट आणि गिऱ्हाईक बांधलेलं, मग दुसरं काय होणार?

फेब्रुवारी २००२ मध्ये बुडापेस्टचा जाहीरनामा आला आणि 'ओपन अ‍ॅक्सेस' हा शब्द रूढ झाला. वाचकाकडून पैसे घ्यायचे नाहीत, हे त्यात स्पष्ट होतं. मग खर्च भागवायचा कसा, याचेही अनेक मार्ग सुचवलेले होते: सरकारं, विद्यापीठं, प्रतिष्ठानं, कायमनिधी, आणि यादीच्या शेवटी शेवटी, खुद्द संशोधकांनी दिलेले पैसे. मोठ्या प्रकाशकांनी त्यातला नेमका हा शेवटचा मार्ग उचलला. वाचकाच्या दारावरची पावती फाडणारी खिडकी त्यांनी लेखकाच्या दारावर नेऊन बसवली. यालाच एपीसी म्हणतात, म्हणजे निबंध छापून यायचं शुल्क.

ते किती? 'नेचर' या नियतकालिकाने नोव्हेंबर २०२० मध्ये जाहीर केलेला दर ९,५०० युरो होता, म्हणजे तेव्हाच्या भावाने आठ लाख रुपयांच्या वर. आपल्याकडे नेट-जेआरएफ झालेल्या विद्यार्थ्याला जानेवारी २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये फेलोशिप मिळते. म्हणजे एका निबंधाची किंमत जवळजवळ दोन वर्षांच्या अख्ख्या फेलोशिपएवढी. हे वरच्या टोकाचं उदाहरण आहे, मान्य. पण दीड-दोन लाख रुपये मागणारी नियतकालिकं आज सर्रास आहेत, आणि गरीब देशांना पूर्ण माफी देणाऱ्या त्यांच्या याद्यांमध्ये भारत सहसा नसतो. आमच्या विषयात तर प्रकल्पाला अनुदानच नसतं. इतिहासाच्या, समाजशास्त्राच्या, भाषाशास्त्राच्या प्राध्यापकाने हे पैसे आणायचे कुठून? पूर्वी त्याला वाचायला मिळत नव्हतं. आता वाचायला मिळतं, बोलायला मिळत नाही. माझ्या मते दुसरी अवस्था पहिलीपेक्षा वाईट आहे.

पैशांच्या आकड्यापेक्षा मला या पद्धतीतली दुसरी गोष्ट जास्त जाचते. प्रत्येक निबंधामागे पैसे मिळत असतील, तर जितके निबंध जास्त तितकी मिळकत जास्त. निबंध नाकारणं हे संपादकाचं पहिलं काम, आणि इथे प्रत्येक नकार म्हणजे बुडालेलं उत्पन्न. कैरोत सुरू झालेल्या हिंदावी या प्रकाशनाचं काय झालं ते पाहावं. २०२१ मध्ये वायली कंपनीने ते २९ कोटी ८० लाख डॉलरना विकत घेतलं. पाहुण्या संपादकांच्या हाती सोपवलेल्या विशेषांकांमधून बनावट निबंधांचे कारखाने आत शिरले. २०२३ या एका वर्षात हिंदावीला आठ हजारांहून अधिक निबंध मागे घ्यावे लागले, आणि शेवटी कंपनीने ते नावच बंद केलं. त्या हजारो निबंधांचं शुल्क कोणत्या ना कोणत्या विद्यापीठाने, कोणत्या ना कोणत्या सरकारने भरलेलं होतं.

आपल्याकडे हाच रोग वेगळ्या रूपात आला. पदोन्नतीला 'पेपर' लागतात, गुण मोजले जातात, म्हणून पेपर छापून देणारी दुकानं गल्लोगल्ली निघाली. पुणे विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०१८ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्य यादीतली, विद्यापीठांनी सुचवलेली १,००९ नियतकालिकं तपासली. प्राथमिक निकषांवर त्यातली फक्त ११२ टिकली. बाकीच्यांपैकी अनेकांनी पत्ता, संपादक, मानांकन यांची माहितीच खोटी दिली होती. त्याच वर्षी आयोगाने चार हजारांहून जास्त नावं यादीतून काढली. मग 'केअर' ही नवी मान्य यादी आली, तिचं काम पुणे विद्यापीठातून चालायचं. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने तीही बंद केली आणि निवड विद्यापीठांवर सोपवली.

माझ्या ओळखीच्या एका तालुक्याच्या गावच्या सरांनी दोन हजार रुपये भरून असा एक पेपर छापून घेतला होता. चार दिवसांत प्रमाणपत्र हातात. पुढे ते नियतकालिक बनावट ठरलं आणि पदोन्नतीच्या वेळी तो पेपर बाद झाला. मला ते सांगताना त्यांची मान खाली होती. त्यांचा विषय मी वाचला होता: पाझर तलावांच्या पाणीवाटपाचा गावागावात फिरून केलेला अभ्यास, अतिशय चांगला. तो आमच्याकडे आला असता तर आम्ही आनंदाने छापला असता. पण आमच्याकडे दोन तज्ज्ञांकडून तपासून घ्यायला सात महिने लागतात, कारण तज्ज्ञांना आठवण करून देणारं माणूस आम्हाला परवडत नाही. सरांना सात महिने नव्हते. चांगल्या, शुल्क न घेणाऱ्या नियतकालिकांना आपण उपाशी ठेवलं, म्हणून ही दुकानं चालली, असं मी म्हणते ते या अनुभवावरून.

आता 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'बद्दल, म्हणजे देशभरातल्या सरकारी संस्थांसाठी नियतकालिकांची वर्गणी केंद्राने एकत्र भरायच्या योजनेबद्दल. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपये मंजूर केले. ३० प्रकाशकांची जवळपास १३,००० नियतकालिकं, ६,३०० हून अधिक सरकारी संस्था, एक कोटी ऐंशी लाख विद्यार्थी आणि अध्यापक. मी या योजनेच्या विरोधात नाही. गडचिरोलीतल्या विद्यार्थ्यासमोर मुंबईच्या विद्यार्थ्यासारखंच पान उघडणार असेल, तर ती लहान गोष्ट नव्हे. ज्याने ग्रंथपालाच्या टेबलासमोर उभं राहून "हे आपल्याकडे येत नाही" हे वाक्य ऐकलंय त्याला ते कळेल.

पण हे भाडं आहे. तीन वर्षं भरलं, चौथ्या वर्षी दार बंद होऊ शकतं किंवा भाडं वाढू शकतं, आणि आपल्या हाती वीटही उरत नाही. शिवाय खासगी महाविद्यालयं पहिल्या टप्प्यात नाहीत. आमच्यासारख्या संस्था, निवृत्त प्राध्यापक, तालुक्याच्या दवाखान्यातले डॉक्टर, कुठल्याच विद्यापीठात नसलेले अभ्यासक, हे कुठल्याच टप्प्यात दिसत नाहीत. महाराष्ट्राचं बरंचसं इतिहाससंशोधन असल्याच माणसांनी केलेलं आहे.

याच योजनेला जोडून आपल्या लेखकांची शुल्कं भरण्यासाठी वर्षाला १५० कोटी रुपये वेगळे ठेवले आहेत. इथे मी थांबते आणि पाटी-पेन्सिल घेते. एका निबंधाचं शुल्क दोन लाख धरलं, तर १५० कोटींत ७,५०० निबंध बाहेर येतील, आणि पुढच्या वर्षी पुन्हा शून्यापासून. आता दुसरा हिशेब. आमचं त्रैमासिक आज वर्षाला चार लाखांच्या आत कसंबसं निघतं. सहायकाला, मुद्रितशोधकाला आणि सर्व्हर सांभाळणाऱ्याला माणसासारखे पैसे दिले तर आठ लाख लागतील. हात सैल सोडून दहा लाख धरा. त्याच १५० कोटींत अशी १,५०० नियतकालिकं वर्षभर चालतील, लेखकाला फुकट, वाचकाला फुकट. मोठ्या विज्ञान-नियतकालिकांचा खर्च आमच्यापेक्षा जास्त असेल, तेव्हा निम्मी धरा. साडेसातशे. तरी हिशेब फिरत नाही. जगातल्या मोठ्या देणगीदारांपैकी एक असलेल्या गेट्स प्रतिष्ठानाने जानेवारी २०२५ पासून ही शुल्कं भरणं बंद केलं. आपण त्याच वेळी सुरू करतोय.

हे आठ लाख नेमके कशाला लागतात, असं आमच्याच कार्यकारिणीत एकांनी विचारलं होतं. "लेखक फुकट लिहितात, तपासणारे फुकट तपासतात, सॉफ्टवेअर फुकट आहे. मग खर्च कसला?" सॉफ्टवेअर खरंच फुकट आहे. कॅनडात सुरू झालेली ओजेएस ही प्रणाली हजारो नियतकालिकं वापरतात आणि आम्हीही वापरतो. त्यांना मी कार्यालयात बोलावलं आणि आमच्या सहायकाशेजारी खुर्ची देऊन बसवलं.

त्या दिवशी सोलापूरचा एक लेख आलेला होता, जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला. आमच्याकडे येणाऱ्या लेखांपैकी निम्मे अजूनही असेच येतात. ते युनिकोड या आजच्या सर्वमान्य पद्धतीत नेले की रफार आपली जागा सोडतो. 'कार्य'चं 'कायर्' होतं, 'वर्ष'चं 'वषर्'. ऱ्हस्व वेलांटी एक घर पुढे सरकते. ही अक्षरं डोळ्यांना जेमतेम चुकीची दिसतात, पण शोधयंत्राला तो शब्द सापडतच नाही. 'दुर्भिक्ष' असं शोधणाऱ्याला तो लेख कधीच दिसणार नाही, म्हणजे असून नसल्यासारखा. मग सहायक बसते आणि ओळीओळीने बघते. कोष्टकातले आकडे फुटतात, तळटिपांचे क्रमांक बदलतात, मोडीतल्या उताऱ्यांची लिप्यंतरं पुन्हा मूळ कागदाशी ताडून पाहावी लागतात. वीस पानांना दोन दिवस जातात. त्यानंतर लेखकाला प्रूफ, त्याच्या दुरुस्त्या, इंग्रजी सारांश, आणि प्रत्येक लेखाला डीओआय क्रमांक, म्हणजे पत्ता बदलला तरी लेख सापडावा यासाठीची कायमची ओळख. आम्ही चौकशी केली तेव्हा लहानात लहान प्रकाशकाला हा क्रमांक देणाऱ्या संस्थेच्या सदस्यत्वाचे वर्षाला २७५ डॉलर आणि वर प्रत्येक नव्या लेखामागे एक डॉलर पडत होता. तेवीस-चोवीस हजार रुपये. आम्ही तेव्हा "पुढच्या वर्षी बघू" म्हटलं. तो क्रमांक घेतला असता आणि अंकांची एक प्रत दुसरीकडे जपली असती, तर नांदेडच्या मुलीला लेख मिळाला असता.

कार्यकारिणीतले ते गृहस्थ दोन तास बसले. जाताना म्हणाले, "हे मला माहीतच नव्हतं." मला वाटतं धोरण ठरवणाऱ्या बहुतेकांना माहीत नसतं.

मराठीत 'वर्गणी' या शब्दाला दोन अर्थ आहेत. मासिकाची वर्गणी भरली की अंक आपल्या घरी येतो, शेजाऱ्याच्या नाही. गणपतीची वर्गणी मात्र आपण भरतो, आणि मांडव सगळ्या गावाचा असतो. ज्याने दिली नाही त्यालाही दर्शन होतं, प्रसाद मिळतो. वर्गणीदाराला त्यात काही गमावल्यासारखं वाटत नाही, कारण मांडव उभा राहणं हेच त्याला हवं असतं. गेल्या काही वर्षांत जगात जे प्रयोग टिकले ते या दुसऱ्या अर्थाचे आहेत. अमेरिकेतली अ‍ॅन्युअल रिव्ह्यूज ही ना-नफा संस्था आपल्या जुन्या वर्गणीदार ग्रंथालयांना म्हणाली: तुम्ही पूर्वीइतकेच पैसे भरत राहा, पुरेसे जमले तर या वर्षीचा खंड आम्ही सगळ्या जगाला खुला करू. लोकांनी भरले, आणि २०२३ साली त्यांची ५१ नियतकालिकं या मार्गाने खुली करायची घोषणा झाली. भौतिकशास्त्रज्ञांचं अर्काइव्ह (arXiv), म्हणजे निबंध छापून येण्याआधीच मोफत ठेवायचं संकेतस्थळ, १९९१ पासून चालू आहे. पुण्यातले खगोलशास्त्रज्ञ सकाळी आधी तेच उघडतात. त्याचा खर्च कॉर्नेल विद्यापीठ, देणगीदार आणि जगभरातल्या सदस्य-संस्था मिळून उचलत आल्या आहेत.

पण मला सर्वांत जवळचं उदाहरण वाटतं ते ब्राझीलचं. सायेलो हे खुल्या नियतकालिकांचं सामायिक व्यासपीठ १९९७ साली प्रयोग म्हणून सुरू झालं, आज लॅटिन अमेरिकेच्या बहुतेक देशांत आणि स्पेन, पोर्तुगाल, दक्षिण आफ्रिकेत पसरलेलं आहे. पोर्तुगीज आणि स्पॅनिशमधली नियतकालिकं त्याने जगासमोर आणली. नियतकालिक ज्या संस्थेचं, ज्या विद्यापीठाचं, त्याचंच राहतं. संपादकही त्यांचेच. सायेलो मधला पाया पुरवतं: संकेतस्थळ, मांडणीचे नियम, सूची, जपणूक. आणि निकष पाळले नाहीत तर बाहेरही काढतं. त्यातली काही नियतकालिकं आता शुल्क घेऊ लागली आहेत हे खरं, पण पाया सार्वजनिक आहे.

हा पाया मुख्यतः कोणाच्या पैशावर उभा राहिला? साओ पाउलोच्या. ते राज्य आहे, देश नव्हे. त्या राज्याच्या घटनेतच लिहिलंय की करउत्पन्नाचा एक टक्का फापेस्प या संशोधन-निधीला द्यायचा, आणि कायद्यानुसार त्या संस्थेने व्यवस्थापनावर पाच टक्क्यांहून जास्त खर्च करायचा नाही. मंत्री बदलला म्हणून तो टक्का बदलत नाही. दरवर्षी मार्चमध्ये कोणाच्या दालनाबाहेर बसावं लागत नाही.

महाराष्ट्राला हे का जमू नये? मी एक टक्का मागत नाही, त्याच्या शंभराव्या हिश्श्याचाही आग्रह नाही. राज्यातल्या एखाद्या सार्वजनिक विद्यापीठात एक सामायिक केंद्र असावं. दोन-तीन तांत्रिक माणसं, चार-पाच मराठी जाणणारे संपादन-सहायक, एक सर्व्हर आणि त्याची दुसऱ्या शहरात प्रत. फॉन्ट बदलून घेणं, डीओआय, सूची, जपणूक हे सगळं तिथे व्हावं. मराठी-इंग्रजी कोणत्याही भाषेतलं, शुल्क न घेणारं, खरोखर तज्ज्ञ-परीक्षण करणारं नियतकालिक तिथे सामील होऊ शकावं. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा सगळ्यांनी पेढे वाटले. भाषेत संशोधन छापून येण्याची व्यवस्था उभी राहिली नाही, तर त्या दर्जाचा उपयोग जाहिरातीच्या फलकापुरता राहील.

आपल्या मुंबईत हे आधी झालेलं आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. परळच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालय आणि केईएम रुग्णालयाच्या अध्यापकांचं 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' १९५५ पासून निघतं. या शतकाच्या सुरुवातीलाच ते इंटरनेटवर पूर्ण खुलं झालं, लेखकांकडून शुल्क न घेता. छापील अंक विकतचेच राहिले. नेटवर मोफत आहे म्हणून वर्गण्या बुडाल्या नाहीत, आणि जगभरातून संदर्भ वाढले, असा त्यांचा अनुभव होता. त्या कामाशी जोडलेल्या मुंबईच्या मेडनो या प्रकाशन कंपनीने शंभराहून अधिक भारतीय वैद्यकीय नियतकालिकं याच पद्धतीने नेटवर आणली. ही आपली कामगिरी होती, मुंबईत घडलेली, तेव्हा जगात कौतुकाने सांगितली जाणारी. २०११ मध्ये मेडनो वोल्टर्स क्लुवर या डच कंपनीने विकत घेतलं. यात कोणाला दोष द्यायचं कारण नाही. खासगी उद्योग विकला जातो. पण सगळ्या नियतकालिकांच्या पायाखालची जमीन एका व्यवहारात परदेशी कंपनीकडे गेली, कारण ती जमीन सार्वजनिक करायचं आपल्यापैकी कोणाला सुचलं नव्हतं.

म्हणून मी म्हणते त्या सामायिक केंद्राच्या घटनेत मालकीचं कलम सर्वांत आधी हवं. पाया विकता येणार नाही, गहाण टाकता येणार नाही. आणि नियतकालिकांची नावं संस्थांकडेच राहतील. २०१५ मध्ये 'लिंग्वा' या भाषाशास्त्राच्या नामांकित नियतकालिकाच्या संपादकांनी शुल्कांच्या प्रश्नावरून राजीनामे दिले. पण नाव कंपनीचं होतं, ते तिथेच राहिलं. त्यांना 'ग्लोसा' नावाने नव्याने सुरुवात करावी लागली.

"सरकारचा पैसा आला की सरकारचा हात येतो," हा आक्षेप मी कायम ऐकते आणि तो हलका समजत नाही. इतिहासाच्या एखाद्या लेखावरून उद्या फोन येणारच नाही, याची हमी कोण देईल? पण याच राज्याने मराठी विश्वकोश उभा केला आहे. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी तो सरकारी पैशावर चालवला, १९७६ मध्ये पहिला खंड आला, आणि आज तो कोणालाही नेटवर मोफत वाचता येतो. नोंद काय लिहायची हे तिथे विद्वानांनी ठरवलं. व्यक्तीवर विसंबून चालणार नाही हेही तितकंच खरं, म्हणून पैसा सूत्राने यावा, मर्जीने नको. अनुदान पाच वर्षांचं असावं, ते संपादकाला न जाता सामायिक केंद्रातून सेवेच्या रूपात मिळावं, आणि कोणता लेख छापला याची विचारणा करायचा अधिकार नियमानेच कोणाला नसावा. तपासायची ती प्रक्रिया: परीक्षण झालं का, किती दिवसांत, किती लेख नाकारले. आणि आज सरकारी पैसा न घेता आम्ही स्वतंत्र आहोत का? हजार रुपये न भरल्याने पुसली जाणारी पत्रिका स्वतंत्र कसली.

"मराठीतलं संशोधन वाचतं कोण?" हा दुसरा प्रश्न. आमची साइट चालू असताना सर्वाधिक उघडला गेलेला लेख कुळकायद्यावरचा होता. त्यावरून फोन यायचे ते वकिलांचे, तलाठ्यांचे, आणि एकदा भोरकडच्या एका आजोबांचा. त्यांचा नातू मोबाइलवर लेख मोठ्याने वाचून दाखवत होता आणि त्यांना एका तारखेबद्दल शंका होती. शंका बरोबर निघाली. पुढच्या अंकात आम्ही दुरुस्ती छापली. कुठल्याही महागड्या नियतकालिकातल्या निबंधाला असा परीक्षक मिळणार नाही.

विद्यापीठांनीही एक करायला हवं, आणि त्याला पैसे लागत नाहीत. शुल्क न घेणाऱ्या, नीट तपासून छापणाऱ्या मराठी पत्रिकेतल्या लेखाला पदोन्नतीत पूर्ण वजन द्यावं. परीक्षण करणाऱ्याच्या आणि संपादन करणाऱ्याच्या तासांची कामात नोंद व्हावी. आज आमच्यासाठी लेख तपासणारे प्राध्यापक ते रात्री अकरानंतर तपासतात, घरच्यांचा राग सोसून.

आम्ही आमच्यापुरतं केलंय ते असं. नवं डोमेन संस्थेच्या नावाने, दहा वर्षांचे पैसे एकदम भरून घेतलं. अंदाजपत्रकात 'प्रकाशन-पायाभूत खर्च' अशी ओळ आली, आणि या वर्षीच्या सभेत ती टाळ्यांविना मंजूर झाली. डीओआयचं सदस्यत्व तीन संस्था मिळून घेता येईल का, याची बोलणी चालू आहेत. हरवलेल्या अंकांपैकी एक अकोल्याच्या एका निवृत्त प्राध्यापकांकडे होता, त्यांनी पुठ्ठ्यात बांधून रजिस्टर पोस्टाने पाठवला. बहात्तरच्या दुष्काळाचा लेख त्यातच निघाला. नांदेडला त्याचे फोटो मी त्याच संध्याकाळी धाडले. दुसरा कोल्हापूरच्या एका ग्रंथालयात सापडला, तिथल्या ग्रंथपाल बाईंनी ९६ पानं मोबाइलवर एकेक करून टिपून दिली. तिसरा, जुलै-सप्टेंबर २०१६ चा, अजून मिळालेला नाही.